बी आणि बेणं

'पेराल तसं उगवेल' ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा वापरली, त्याच्या दारात आंब्याचं झाड नसावं. देवगडचा उत्तम हापूस खाऊन त्याची कोय परसात पुरली, सात-आठ वर्षं पाणी-खत सगळं यथासांग केलं, तरी त्या झाडाला हापूसच लागेल अशी खात्री कोणी देणार नाही. आंबट निघेल, गोड निघेल, धाग्यांचा निघेल, क्वचित एखादा हापूसच्या तोंडात मारेल असाही निघेल. कोकणात कोयीपासून वाढलेल्या अशा झाडांना रायवळ म्हणतात, आणि एकाच आमराईतल्या दोन रायवळ झाडांची चवसुद्धा एक नसते. हापूसपासून हापूसच हवा असेल तर कोय कामाची नाही. कलम बांधावं लागतं.

आपल्या शेतकऱ्याने या दोन तऱ्हांसाठी दोन वेगळे शब्द फार पूर्वीच करून ठेवले आहेत. गहू, ज्वारी, वांगी, मिरची यांचं असतं ते बी किंवा बियाणं. ऊस, हळद, आलं, बटाटा यांचं असतं ते बेणं. बी म्हणजे फुलावर पराग पडून, नर आणि मादी पेशींचा संयोग होऊन तयार झालेला दाणा. त्याला आई आणि बाप दोन्ही असतात. बेणं म्हणजे जुन्या झाडाचाच एक तुकडा: उसाची डोळा असलेली कांडी, हळदीचा गड्डा, बटाट्याची डोळ्यासकट कापलेली फोड. पुस्तकी भाषेत पहिलं लैंगिक प्रजनन आणि दुसरं अलैंगिक.

इथे आपल्या मुलांना हा धडा मिडल स्कूलमध्ये असतो. मूल जेवणाच्या टेबलावर मोठ्या आवाजात प्रश्न विचारतं, आणि आपण आमटीत बुडालेल्या चमच्याकडे बघत राहतो. आपल्या पिढीला तिकडच्या बऱ्याच शाळांत हा धडा "घरी वाचून या" एवढ्यावरच आटोपला होता. त्यातून मराठीत सांगायचं म्हणजे 'लैंगिक' हा शब्दच घशात अडकतो. आमचं सांगणं असं, की बी आणि बेणं इथून सुरुवात करावी. विषय अगदी सभ्य राहतो, आणि खरं सांगायचं तर फार मनोरंजक आहे. आम्ही पडलो इंजिनियर, त्यामुळे यंत्राच्या अंगाने बघायची सवय सुटत नाही. तेवढं वाचकांनी चालवून घ्यावं.

आपल्या घरातलं बेणं

आधी आपलं स्वयंपाकघर. बटाटा, लसूण, आलं, हळद, अळू, केळं, उसापासूनची साखर आणि गूळ, श्रीखंडातलं केशर, हा सगळा बेण्याचा कारभार. हळद, केशर आणि आपलं खाण्याचं केळं यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. बी तयार होताना संचांची बरोबर निम्मी वाटणी व्हावी लागते, आणि तिनाची निम्मी वाटणी काही जमत नाही. म्हणून त्यांना बहुधा बी धरत नाही. केळीच्या बुंध्याशी येणारे मुनवे काढून लावायचे, हीच तिची पुढची पिढी. जळगावकडच्या बागांत आता प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यू कल्चरची रोपं लावतात. तत्त्व तेच, तुकडा फक्त फार लहान.

दिवाणखान्यातलं ब्रह्मकमळही तसंच. एक पान मातीत खोचलं की नवं झाड. (ज्याला आपण पान म्हणतो ती खरं तर चपटी झालेली फांदी असते. आणि हे झाड मूळचं हिमालयातलं नसून इकडचं, मेक्सिकोच्या बाजूचं आहे.) मंडळातल्या कोणाकडे फूल उमलणार असलं की रात्री अकराला फोन येतो, आपण कोट चढवून बघायला जातो, येताना एक पान घेऊन येतो. म्हणजे गावातल्या दहा घरांत दहा ब्रह्मकमळं दिसली, तरी जिवाच्या हिशेबाने ते एकच झाड दहा कुंड्यांत राहत असतं.

हापूसची कथा याच जातीची. कलमी आंब्यांचा प्रसार गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात झाला असं मानतात. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून आलं, हे बहुतेकांना माहीत असेल. कुठल्या तरी एका कोयीतून एक अप्रतिम झाड निघालं, कोणाच्या तरी जिभेने ते ओळखलं, आणि त्याच्या काड्या घेऊन कलमं बांधली गेली. भेट कलमात कुंडीतलं रायवळ रोप हापूसच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल तासून एकमेकांना घट्ट बांधतात आणि जीव जुळला की फांदी झाडापासून वेगळी करतात. कोय कलमात नुकत्याच रुजलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवतात. खाली खुंट रायवळचा, वर फांद्या हापूसच्या. जन्मभर एकाच रसावर वाढूनही दोघांचे गुणधर्म एकमेकांत मिसळत नाहीत. जोडाच्या खाली फुटवा आला तर तो रायवळच असतो.

याचा अर्थ असा, की हापूस जन्मला एकदाच. नंतरची काही शतकं तो एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर लांबत गेला आहे. आपण लहानपणी आजोळी खाल्लेला हापूस आणि आज खाल्लेला हापूस हे एकाच झाडाचे आंबे, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

कोयीतली सोडत

आता दुसरी बाजू. आंब्याच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या वीस जोड्या असतात. परागकण तयार होताना प्रत्येक जोडीतलं एकच गुणसूत्र त्यात जातं, हे किंवा ते. वीस वेळा नाणं उडवण्यासारखं आहे. एका झाडाच्या परागाच्या या हिशेबाने १०,४८,५७६ तऱ्हा होतात. तेवढ्याच आईकडून. शिवाय जोडीतली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात ती वेगळीच. म्हणून प्रत्येक कोय ही नव्याने पिसलेला पत्त्यांचा डाव.

माणसाच्या तेवीस जोड्या. दोनाचा तेविसावा घात केला की येतात ८३,८८,६०८. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या किती जवळ! पुराणांचा आणि याचा काही संबंध नाही, पण मुलांना आकडा लक्षात ठेवायला बरा पडतो. आई आणि बाप दोघांचे धरले तर सत्तर लाख कोटींच्या घरात संख्या जाते. "हा कोणावर गेलाय कळत नाही" हे आपल्या आज्यांचं वाक्य गणिताला अगदी धरून आहे.

या सोडतीतलं एक मोठं बक्षीस अमेरिकेत लागलं, आणि तिकीट आपलं होतं. १८८९ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने हिंदुस्थानातून आंब्याची कलमं मागवली आणि ती फ्लोरिडात लेक वर्थच्या परिसरात लावायला दिली. थंडीच्या तडाख्याने बाकीची गेली. एल्ब्रिज गेल नावाच्या निवृत्त प्राध्यापकाकडचं मलगोब्याचं एक झाड तेवढं वाचलं आणि १८९८ च्या सुमारास त्याला फळ धरलं. त्या झाडाच्या कोयींची रोपं कॅप्टन जॉन हेडन या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने नेली आणि १९०२ साली मायामीजवळ कोकोनट ग्रोव्हमध्ये लावली. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या बायकोने, फ्लॉरेन्स हेडनने, झाडं जगवली. १९१० मध्ये त्यांतल्या एकाला लालभडक, मोठे, देखणे आंबे लागले. मलगोबा असा लाल कधीच नसतो.

हा रंग आला कुठून याचा उलगडा जवळजवळ शंभर वर्षांनी डीएनए तपासणीतून झाला. आई मलगोबा, पण बाप फ्लोरिडात आधीपासून असलेला 'टर्पेंटाइन' नावाचा सामान्य गावठी आंबा. माशा-किड्यांनी कुठून तरी पराग आणला, आणि हिंदुस्थानी आंब्याचं फ्लोरिडातल्या गावठी आंब्याशी लग्न लागलं, पत्रिका न बघता. त्या संततीला 'हेडन' हे नाव मिळालं, आणि मग ती कलमं करून जगभर गेली. हेडनच्या कोयीतून पुढे फोर्ट लॉडरडेलला 'टॉमी ॲटकिन्स' निघाला. जाणकारांनी चवीवरून त्याला फारशी किंमत दिली नव्हती, पण तो टिकतो, दबत नाही आणि दिसतो छान, त्यामुळे बाजार त्याने जिंकला. ग्रोसरीत त्याच्याकडे बघून आपण "हा काय आंबा आहे?" म्हणून नाक मुरडतो. नात्याने तो आपल्या मलगोब्याचा नातू लागतो.

आपल्याकडेही ही सोडत मुद्दाम खेळली गेली. हापूसमध्ये साका धरतो आणि तो एक वर्षाआड फळतो, ही जुनी डोकेदुखी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात १९८१ साली बाहेर काढली. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' १९९२ साली आली, तिची कोय अगदी पातळ, नावापुरती. फुलावर हाताने पराग लावायचा, कोयी रुजवायच्या, वर्षानुवर्षं थांबायचं, शेकडो रोपांतून एखादं निवडायचं, असं हे काम. मात्र निवड झाली की पुन्हा कलमच. इथला हनीक्रिस्प सफरचंदही असाच: मिनेसोटा विद्यापीठात संकर १९६० साली झाला आणि जात बाहेर आली १९९१ साली. नवीन काही हवं असेल तर बी, मिळालेलं टिकवायचं असेल तर बेणं, असा शेतीचा साधा हिशेब आहे.

माव्याचा शहाणपणा

हा हिशेब माणसाने शोधला असं मात्र नाही. तो आपल्या बॅकयार्डात दरवर्षी चालतो. गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर हिरवे ठिपके दिसतात तो मावा. वसंतात अंड्यातून निघणारी मावा मादीच असते. ती नराशिवाय, अंडी न घालता, थेट जिवंत मुलींना जन्म देते. त्या मुलींच्या पोटात जन्मतःच पुढच्या मुलींचे गर्भ वाढायला लागलेले असतात. आई, मुलगी आणि नात एकाच देहात! आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार. म्हणून शनिवारी चार दिसलेले ठिपके पुढच्या पंधरवड्यात फांदी झाकून टाकतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दिवस लहान होऊ लागले की याच माद्या निराळी पिढी जन्माला घालतात. तिच्यात नर असतात आणि अंडी घालणाऱ्या माद्या असतात. त्यांचा संयोग होतो, कणखर सालीची अंडी झाडाच्या सालीवर चिकटतात, आणि बर्फ पडायच्या आत सगळा मावा मरून जातो. वसंतात येते ती नव्याने पिसलेल्या पत्त्यांची पिढी. उन्हाळ्यात रसाची चंगळ असताना जे जमलंय त्याच्या भराभर प्रती काढायच्या, आणि पुढचा काळ कसा असेल कळत नाही तेव्हा विविधता करून ठेवायची. गुंतवणुकीचा सल्ला देणारे आपल्याला हेच सांगतात आणि वर फी घेतात.

बापाविना

बापाशिवाय जन्म ही गोष्ट प्राण्यांत आपल्याला वाटते तेवढी दुर्मिळ नाही. मधमाश्यांची राणी दोन तऱ्हेची अंडी घालते. फलित अंड्यांतून माद्या, म्हणजे कामकरी माश्या आणि नव्या राण्या, आणि फलित न झालेल्या अंड्यांतून नर. म्हणजे नर माशीला बाप नसतो, पण आईकडचे आजोबा असतात. हे कोडं मुलांना घालून पाहा.

न्यू मेक्सिको राज्याने २००३ साली आपला राज्य-सरपटणारा प्राणी म्हणून ज्या व्हिपटेल सरड्याची निवड केली, त्या जातीत नरच नाहीत. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून ती झाली आणि त्यानंतर सगळा संसार माद्यांचा. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीचीही गंमत आहे: १९५० च्या दशकात मेरीलँडमध्ये बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात फलित न झालेल्या टर्कीच्या काही अंड्यांत गर्भ वाढताना आढळले. आणि २०२१ साली सॅन डिएगो प्राणिसंग्रहालयाच्या संशोधकांनी जाहीर केलं, की कॅलिफोर्निया कोंडोर या गिधाडाच्या दोन पिल्लांना बाप नव्हता. विशेष म्हणजे दोघांच्या आयांच्या सोबतीला नर होते. ती पिल्लं मात्र फार जगली नाहीत. एक दोन वर्षांचं व्हायच्या आत गेलं, दुसरं आठाच्या आसपास.

आपण सस्तन प्राणी मात्र यातून बाद. आपल्या काही जनुकांवर 'आईकडून आलं' आणि 'बापाकडून आलं' असे जणू शिक्के असतात, आणि गर्भ नीट वाढायला दोन्ही शिक्क्यांचे कागद लागतात. नैसर्गिकरीत्या एका शिक्क्यावर काम होत नाही. १९९६ साली जन्मलेली डॉली मेंढी ही वेगळी गोष्ट. तिथे मोठ्या मेंढीच्या पेशीतला दोन्ही शिक्क्यांचा पूर्ण संच उचलून नेला होता, म्हणजे ते एका अर्थी मेंढीचं कलमच होतं.

मग एवढा खटाटोप कशाला?

इंजिनियरच्या नजरेने पाहिलं तर लैंगिक प्रजनन ही अत्यंत खर्चिक पद्धत आहे. जोडीदार शोधा, रंग-वास-गाण्याचा थाट करा, आणि जन्मणाऱ्यांपैकी निम्मे नर, जे स्वतः पोर जन्माला घालणार नाहीत. सगळ्या माद्याच असत्या तर संख्या दुप्पट वेगाने वाढली असती. तरीही मोठ्या प्राणी-वनस्पतींत हीच पद्धत टिकून आहे. काहीतरी जबरदस्त फायदा असणारच.

शास्त्रज्ञ मुख्यतः दोन कारणं सांगतात. पहिलं आपल्याला ऑफिसात कळतं. फोटोकॉपीची फोटोकॉपी, तिची पुन्हा फोटोकॉपी काढत गेलं की प्रत्येक वेळी एखादा डाग वाढतो आणि जुना कधी जात नाही. जनुकांतही नक्कल करताना चुका होतात. पत्ते पिसले की काही मुलांच्या वाट्याला चुका जास्त येतात, काहींच्या कमी, आणि कमीवाली पुढे टिकतात. असा डाग पुसायचा रस्ता बेण्याला नाही.

दुसरं कारण रोगराई. जंतू आणि परजीवी फार वेगाने बदलतात आणि जे कुलूप सगळीकडे दिसतं त्याची किल्ली बनवून ठेवतात. सगळ्या घरांना एकच कुलूप असेल तर एका किल्लीत गाव लुटता येतं. न्यूझीलंडच्या तळ्यांत एक चिमुकली गोगलगाय आहे. तिच्यात नर-मादीने वाढणाऱ्याही आहेत आणि नुसत्या माद्यांच्या प्रतींनी वाढणाऱ्याही. जिथे परजीवी जास्त, तिथे नर-मादीवाल्या जास्त, असं तिथल्या संशोधनात दिसलं. तीच गोगलगाय १९८७ साली इथे आयडाहोच्या स्नेक नदीत सापडली. तिचे नेहमीचे शत्रू मागे राहिले होते. इथे ती नुसत्या माद्यांच्या प्रतींवर पश्चिमेच्या कितीतरी नद्यांत पसरली.

एका कुलपाची किंमत इतिहासात वारंवार मोजली गेली आहे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. गरिबांचा बटाटा बहुतांशी एकाच वाणाचा, एकाच बेण्याचा. शेतंच्या शेतं सडली, लाखो माणसं उपाशी मेली आणि लाखो बोटीत बसून अमेरिकेला आली. बॉस्टन-न्यूयॉर्कचे आयरिश शेजारी इथे येण्यामागे बेण्याची ही गोष्टही आहे. केळ्यांत 'ग्रो मिशेल' ही जात पनामा रोगाने १९५०-६० च्या सुमारास बाजारातून गेली आणि तिच्या जागी 'कॅव्हेंडिश' आली. आता त्याच रोगाचा नवा अवतार कॅव्हेंडिशलाही धरतो, आणि २०१९ साली तो दक्षिण अमेरिकेत, कोलंबियात पोचला.

संत्रं आणि कढीलिंब

ही लढाई सध्या जिथे पेटली आहे तिथे आपल्या मराठी घरांचाही थोडा संबंध येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

बिनबियांचं नेव्हल संत्रं हा ब्राझीलमध्ये बाहियाला एका संत्र्यावर निसर्गानेच केलेला बदल. १८७० साली त्याची कलमं वॉशिंग्टनला आली, आणि १८७३ साली कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या एलायझा टिबेट्स या बाईंकडे दोन-तीन रोपं पोचली. त्यांतून कॅलिफोर्नियाचा सगळा नेव्हल संत्र्याचा धंदा उभा राहिला. त्यांतलं एक झाड रिव्हरसाइडला मॅग्नोलिया आणि आर्लिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर अजून उभं आहे. लहान मुलांना घेऊन पाहण्यासारखं आहे. मात्र आता ते जाळीच्या तंबूत ठेवलेलं दिसेल.

कारण एक किडा. सिट्रस सायलिड नावाचा, मिरीच्या दाण्याहून लहान. तो फ्लोरिडात १९९८ साली आढळला. तो ज्या जंतूची ने-आण करतो त्याचा रोग, सिट्रस ग्रीनिंग, २००५ साली फ्लोरिडात दिसला, २०१२ साली लॉस एंजेलिस परिसरात आणि २०१७ साली रिव्हरसाइडला. झाडाची फळं वेडीवाकडी, हिरवट राहतात, गळतात, काही वर्षांत झाड मरतं. औषध नाही. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्ये दोन कोटींहूनही कमी. वादळांचाही त्यात हात आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. बागाच्या बागा एकाच जातीच्या प्रती, त्यामुळे एक झाड ज्याला बळी पडतं त्याला सगळी पडतात.

आणि या किड्याला आवडणाऱ्या झाडांत आपला कढीलिंब आहे. कढीलिंब संत्र्या-लिंबाच्याच कुळातला. तो स्वतः फारसा आजारी दिसत नाही, किडा मात्र त्यावर सुखाने अंडी घालतो. मंडळात कढीलिंब कसा पसरतो ते आपल्याला माहीत आहे. एका घरी कुंडीत मुळांपासून पिल्लं फुटतात, ती पॉटलकला येणाऱ्यांना वाटली जातात. एका गावातले सगळे कढीलिंब एकाच झाडाचं बेणं असतात. हे प्रेमाचं देणं आहे, त्याला आमची ना नाही. पण फ्लोरिडा, टेक्सस, कॅलिफोर्निया या राज्यांतल्या ज्या भागांत या किड्यासाठी क्वारंटाइन आहे तिथून कढीलिंबाची रोपं बाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध आहेत, आणि भारतातून रोप किंवा ताजी पानं सामानातून आणणंही मना आहे. "चार पानांनी काय होतंय" असं मनात येतं. त्या चार पानांवर मोहरीहून बारीक अशी अंडी असली, तर कोणाच्या तरी तीन पिढ्यांच्या बागेवर संक्रांत येऊ शकते. रोप तिथल्याच परवानाधारक नर्सरीतून घ्यावं, किंवा गावातल्या गावातच वाटावं.

या रोगावर उत्तर कुठे शोधताहेत, तर पुन्हा बियांत. क्लेमेंटाइन आणि मिनिओला यांच्या संकरातून फ्लोरिडा विद्यापीठाने २००९ साली 'शुगर बेल' नावाची जात काढली. रोग लागूनही ती बऱ्यापैकी फळते असं दिसून आलं. कोणीतरी वर्षांपूर्वी पत्ते पिसून ठेवले होते, म्हणून आज हातात एक पान तरी आहे.

दोन कोयींचा प्रयोग

आता मुलांना दाखवायला एक सोपा प्रयोग. उन्हाळ्यात ग्रोसरीतून दोन आंबे आणा: एक टॉमी ॲटकिन्स आणि एक पिवळा मेक्सिकन अताउल्फो. खाऊन झाल्यावर कोयीचं बाहेरचं कवच कात्रीने जपून उघडा (हे मोठ्यांनी करावं), आतली बी ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा, रुजली की कुंडीत लावा. टॉमी ॲटकिन्समधून बहुधा एकच कोंब येईल. तो नवा जीव, आई-बापांच्या मिश्रणाचा. अताउल्फोतून एकाहून जास्त कोंब येण्याची शक्यता आहे. पूर्वेकडच्या आंब्यांच्या या वंशात एका कोयीत अनेक गर्भ असतात, आणि त्यांतले बरेचसे आईच्याच ऊतीतून झालेले असतात, थेट आईच्या प्रती. दिसायला बी, पण आतून बेणं! संत्र्याच्या बियांतही हा प्रकार आढळतो. शेतकऱ्याचे दोन्ही शब्द एकाच कोयीत बसवून निसर्गाने आपल्या सगळ्यांची जिरवली आहे.

शिकागो-बॉस्टनच्या थंडीत त्या कुंडीला आंबे लागणार नाहीत हे उघड आहे. पण दोन कुंड्या खिडकीत असल्या की जेवणाच्या टेबलावरचा तो अवघड प्रश्न सोपा होतो. हा आईसारखाच का, आणि तो कोणासारखाच का नाही, हे मूल स्वतःच विचारायला लागतं.

जाता जाता आमच्या मनात घोळणारा एक विचार. आपण इथे आलो ते कलमासारखे. वर सगळं तिकडचं, खाली खुंट इकडचा. गणपती, पुरणपोळी, शुद्धलेखन, सगळं होतं तसं राखायची आपली धडपड असते, आणि मंडळ नावाची बाग आपण त्यासाठीच लावली. ती राखायलाच हवी. हापूस टिकला तो कलमं बांधणाऱ्यांमुळे. पण आपली मुलं काही कलमं नाहीत. ती कोयीची झाडं. त्यांच्यात आपला मलगोबा आहे आणि फ्लोरिडाचं ऊनही आहे. त्यांचं मराठी थोडं वेगळ्या वळणाचं असेल, त्यांची दिवाळी आपल्या दिवाळीची हुबेहूब प्रत नसेल. मंडळाच्या सभेत अधूनमधून "पुढची पिढी आपल्यासारखी नाही" असं कोणीतरी खेदाने म्हणतं. फ्लॉरेन्स हेडनने नवऱ्याच्या मागे ती रोपं सात-आठ वर्षं जगवली ती कुठला आंबा लागणार हे ठाऊक नसताना. तेवढा धीर आपल्यालाही जमायला हरकत नाही. पाणी घालत राहावं.